केशोरीच्या रांगेतला सिलिंडर

मित्रांनो, मी एक जुना गॅस सिलिंडर आहे. केशोरी गावात एका घरामागे आडवा पडलोय. माझं तोंड मोडलंय, एक कूस काळी पडली आहे. मला सहसा कुणी हात लावत नाही, कारण मी दोन माणसांना भाजलं आहे.

माझा जन्मच मारहाणीत झाला. पोलादाचा पत्रा यंत्राखाली दाबून मला गोल केलं, भट्टीत तापवलं, पोटात पाणी कोंबून फुटतो का ते पाहिलं. फुटलो नाही, म्हणून लाल रंग मिळाला. मग ट्रकमधून आदळआपट करत गावोगाव फिरवलं. आमची जातच अशी, एका घरी रिकामं व्हायचं आणि दुसऱ्या घरी जायचं. त्यामुळे जीव लावण्याच्या फंदात मी कधी पडलो नाही.

चंदाच्या घरी मात्र मी अडकलो. तिने मला कौतुकाने हळदकुंकू लावलं. तिचा नवरा नंदलाल वेल्डर. समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला निघाला तेव्हा हसत म्हणाला, "सुट्टीवर येईन तवा गॅसवर चहा करजो. धुराचा नोको." पुढे गॅसचे भाव चढले. चंदाने चूल पेटवली आणि माझ्यातला उरलेला गॅस कुणाला न सांगता नंदलालसाठी राखून ठेवला. तो आलाच नाही. तेलविहिरीवर स्फोट झाला, त्याचं प्रेतही सापडलं नाही. दोन वर्षं मी कोपऱ्यात उभा होतो आणि ती धुरात खोकत होती. शेवटी डॉक्टरांनीच खडसावलं, "बाई, चूल सोडा. फुप्फुसं जातील."

अशात दूरदेशी लढाई पेटली आणि इथे गॅसची टंचाई झाली. आमच्याकडे रांगेत सिलिंडर उभे राहतात, साखळीने बांधलेले, आणि माणसं सावलीत बसतात. चंदाने आणि तिच्या सासऱ्याने, उदारामने, मलाही रांगेत लावलं. सावली सेवकरामच्या चहाटपरीची होती. तिथे चूलही पेटली होती आणि वादही.

सेवकराम म्हणाला, "आपल्याच समुद्रात गॅस भरून आहे. काऊन काढून नाही राहिले? दहा जागी भोकं पाडा, भाव खाली येते का नाही पाहा!"

"त्या भोकात माझा पोरगा गेला," उदाराम म्हणाला. "अजून किती पोरं टाकाची आहेत?"

"एक मेला म्हणून साऱ्या देशानं धुरात मराचं काय? तुझी सून खोकून राहिली, ते नाही दिसत तुले?"

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. नेमकी तेव्हाच गॅसची गाडी आली आणि सिलिंडरांची साखळी सोडली गेली. उदारामने मला दोन्ही हातांनी उचललं.

"बाबा, नोको!" चंदा किंचाळली.

त्याने मला भिरकावलं. मी सेवकरामच्या गुडघ्यावर आदळलो, हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. तिथून चुलीच्या दगडावर तोंडावर पडलो आणि माझं तोंड तुटलं. सगळे मला रिकामा समजत होते. मी रिकामा नव्हतो. गॅस फुस्स करून बाहेर पडला आणि चुलीने तो गिळला. भडका सेवकरामच्या तोंडावर गेला. तो आडवा पडून ओरडत होता, त्याला उठता येईना. तेव्हा उदारामच आगीत शिरला आणि त्याला खांद्याला धरून बाहेर ओढलं. उदारामच्या हातांची कातडी कोपरापर्यंत सोलली गेली. चंदाने पाण्याचं पिंप ओतलं, पण तोवर टपरीही पेटली होती.

दोघांनाही गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. सेवकरामचा एक डोळा गेला. उदारामच्या खाटेपाशी पोलीस बसलाय. गाडीवाल्याने मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "ये टंकी नहीं चलेगी." चंदा मला डोक्यावर घेऊन घरी आली. त्या दिवशी पुन्हा चूलच पेटली.

मित्रांनो, समुद्र खोदावा की नाही, ते शहाण्यांनी ठरवावं. तुम्ही खुशाल वाद घाला, पण हाताला लागेल ते उचलू नका. आणि आम्हाला कधी रिकामं समजू नका.

काल चंदा माझ्यापाशी येऊन बसली. माझ्या काळ्या कुशीवरून तिने हात फिरवला.

"त्यायच्या चहापुरता गॅस होता," एवढंच म्हणाली. मग खोकल्याची उबळ आली, म्हणून उठून आत गेली.