कोंड्याचा माठ

"सूनबाई, तिथे नको खणू, ती आमची न्हाणी होती," कामाताकाकांनी काठीने राख उकरत सांगितलं. "तुमचं स्वयंपाकघर त्या दगडी डोणीच्या अलीकडे."

"अलीकडे म्हणजे कुठे, काका? अलीकडे-पलीकडे म्हणायला एक भिंत तरी उरलीय का?" असं म्हणून हिसानोने फावडं उचललं आणि दोन पावलं सरकून पुन्हा खणायला लागली.

त्सुरुगा बंदरातल्या त्या गल्लीत विमानांनी खरोखरच काही ठेवलं नव्हतं. लढाई संपली होती. आभाळाकडे न बघता चालायची सवय माणसं हळूहळू लावून घेत होती. हिसानोला मात्र अजून सुटल्यासारखं वाटत नव्हतं. बॉम्ब पडले त्या रात्री ती आणि तिची सासू त्सुने हात धरून समुद्राकडे धावल्या, पुलावर माणसांचा लोंढा आला आणि हात सुटला. तेव्हापासून ती डोंगरापलीकडे भावाकडे राहत होती. रोज शहरात येऊन तिने शाळा, इस्पितळं, देवळं पालथी घातली होती. घराच्या जागेवर तेवढं पाऊल टाकवत नव्हतं.

कामाताकाका गल्लीच्या शेजारमंडळाचे प्रमुख. गल्ली जळाली, पण प्रमुखपद काही जळालं नव्हतं. त्यांनीच ठरवून टाकलं होतं की उद्या देवळात त्सुनेच्या नावाने मृतांसाठीचा पाठ करायचा, आणि अस्थी नाहीत तर तिच्या हातची एखादी वस्तू पुढे ठेवायची. आता म्हातारीच्या हातचं काय उरलं असणार? जमिनीत पुरलेला लोणच्याचा माठ तेवढा.

त्सुनेने जन्मभर वाळवलेला खायचा समुद्री पाला सुरीने तासायचं काम केलं. त्या सुरीने तिच्या उजव्या करंगळीचं पेर कधीच खाल्लं होतं. बाकी तिचा सगळा जीव त्या माठात. भाताच्या कोंड्यात काकड्या-वांगी मुरवायची आणि कोंडा रोज तळापासून हाताने ढवळायचा. उन्हाळ्यात दोन-चार दिवस विसरलं की वर पांढरी साय येते आणि वासाने शेजारी भांडायला येतात. लग्न होऊन सोळा वर्षं झाली तरी हिसानोला माठात हात घालायची मुभा नव्हती. "तुझा हात गरम आहे, कोंडा नासेल," म्हातारी म्हणायची. हिसानोचा नवरा दक्षिणेकडच्या समुद्रात बोटीसकट बुडाल्याची बातमी आली, त्या दिवशीही त्सुनेने आधी कोंडा ढवळला आणि मग ती रडत बसली. घरात उरल्या त्या दोघीच.

फुटक्या कौलांखाली फावडं लाकडावर वाजलं. हिसानोने बाहीने नाक झाकलं आणि कामाताकाका न सांगताच चार पावलं मागे झाले. तिने झाकण उचललं.

घाण आली नाही. आला तो स्वयंपाकघराचा रोजचा आंबूस, स्वच्छ वास. कोंड्यावर साय नव्हती. माठाची कड पुसलेली होती आणि कोंडा तळव्याने दाबून सारखा केला होता.

"चोरानं उघडला असेल," काका लांबूनच म्हणाले.

"चोर काकड्या नेईल, काका. कोंडा कशाला ढवळून ठेवेल? आणि हे बघा."

कोंड्यावर पंजा उमटला होता. त्याची करंगळी अर्धीच होती.

काका जवळ येऊन वाकले. मग डोक्यावरची टोपी काढून म्हणाले, "उद्याचा पाठ नको म्हणून मी सांगून येतो." आणि भराभर निघून गेले.

हिसानो माठाशी बसून राहिली. आधी तिला हसू आलं, मग रडू, आणि मग दोन्ही एकदम. आज नाही आली तर उद्या येईल, पण आता ती जागची हलणार नव्हती.

ऊन कलल्यावर काठी टेकत, एका पायाला फडकं गुंडाळलेली त्सुने आली. हातात एक काकडी होती. ती थबकली. हिसानोकडे बघत राहिली. मग तिने नजर माठाकडे वळवली.

"झाकण उघडं टाकून काय बसलीस? राख पडेल आत."

"आई, होतात कुठे तुम्ही?"

"खाडीपलीकडे कोळ्यांकडे. त्यांनीच पाण्यातून होडीत ओढून घेतलं. पाय भाजला होता. टेकवता यायला लागला तशी रोज येते, जाताना कौलं परत वर रचते. तू आलीस तर जेवायला काहीतरी हवं ना?"

"मी मेले नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तिथले सगळे मेलीस म्हणूनच सांगत होते. मी म्हटलं, ती कशाला मरतेय? सोळा वर्षं माझ्या माठावर डोळा आहे तिचा."

त्सुने खाली बसली, बाही वर केली आणि माठाकडे हात नेता नेता थांबली. तिने तो मागे घेतला.

"घाल हात," ती म्हणाली.

"माझा हात गरम आहे ना, आई?"

"आहेच. घाल."

हिसानोने कोपरापर्यंत हात घातला. तळाशी कोंडा गार होता. ती सावकाश ढवळू लागली, आणि शेजारी बसलेली म्हातारी आपल्या तोकड्या करंगळीने झाकणावरची राख पुसत राहिली.