बावीस तासांचं विमान

विमानाच्या तिकीट खिडकीवर चौतीस वर्षं काढलेल्या त्या गृहस्थांना ऑफिसातले वेळापत्रकराव म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुठलीही दोन शहरं सांगा, मधलं अंतर आणि लागणारा वेळ त्यांना तोंडपाठ. त्यातही थोरल्या बहिणीच्या शहराचा मार्ग त्यांचा लाडका. साडेबारा हजार किलोमीटर, दोनदा विमान बदलायचं, एकूण बावीस तास. पाय सुजायचे, पाठीचा खुळखुळा व्हायचा, तरी ते वर्षाआड जायचे. दुसऱ्या थांब्यावर तोंड धुऊन नवा शर्ट घालायचे, कारण ताईसमोर चुरगळलेलं जायची सोय नव्हती. काय दिवस होते ते!

मग थेट विमान सुरू झालं. चौदा तास. आता काय, कधीही जाता येईल, असं म्हणता म्हणता नऊ वर्षं गेली. 'कधीही'सारखा दुसरा चोर नाही.

एके दिवशी भाचीचा फोन आला. "मामा, आई माणसं विसरायला लागलीये. यायचं तर आत्ताच ये."

"मला ओळखेल ना?"

"फोनवर तुझं नाव घेते. समोर आल्यावर काय, ते नाही सांगता येत."

त्यांनी त्याच आठवड्यात विमान पकडलं. चौदा तास त्यांच्या डोक्यात तेवढा एकच प्रश्न होता.

सकाळी दहाला ते दारात उभे राहिले. ताईने त्यांना नीट न्याहाळलं. "बसा ना. आमच्या धाकट्याकडे आलात का? त्याला वेळ आहे. काल रात्री आठला निघालाय, बावीस तास लागतात. सहाला येईल."

भाची "अगं आई, हाच तर" म्हणेपर्यंत त्यांनी तिला हातानेच थांबवलं. फार वाईट वाटलं त्यांना. पण ताई इतक्या खुशीत होती की ते गुपचूप खुर्चीत बसले.

दिवसभर ती भावाबद्दल बोलत राहिली. "हट्टी म्हणजे किती हट्टी! नोकरीचा अर्ज फाडून टोपलीत टाकला होता. म्हणे, मला कोण घेतंय. मी रात्री बसून दुसरा लिहिला, त्याच्याच अक्षरात, आणि टपालात टाकला. त्याला अजून वाटतं, वडिलांनी ओळख लावली. तुम्ही बोलू नका हं."

"नाही बोलणार," वेळापत्रकराव म्हणाले.

पावणेसहाला ती केस सारखे करून दाराकडे बघू लागली. त्यांनी बॅग उचलली, "येतो" म्हणाले आणि जिना उतरून खाली थांबले. सहाला वर येऊन त्यांनी घंटी वाजवली.

दार उघडलं. ताईने दोन्ही हातांत त्यांचा चेहरा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"आलास," ती म्हणाली. "अरे, तुझा कोणी स्नेही सकाळपासून वाट बघत बसला होता. भला माणूस. पण बिचारा फार एकटा वाटला. जरा लवकर यायचं होतंस रे."