सोळा टीबीचे दोन नट

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि सध्या माझ्यावर चहाचा कप ठेवतात. कपाबद्दल तक्रार नाही. तो रिकामा झाला की निदान रिकामा दिसतो.

श्रीगोंद्याच्या कानिफनाथ शूटिंगवाल्याकडे मी उमेदीची वर्षं घालवली. अर्ध्या तालुक्याची हळद आणि तितक्याच मामांचे नाच मी पोटात घेतले. एकही फाईल हरवली नाही. शेवटी मी भरले, एवढाच माझा गुन्हा.

मग कानिफनाथ मला आणि त्याच्या आईला, म्हणजे मालनबाईंना, घेऊन कर्जतच्या बाजारात गेला. मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याकडे सोळा टीबीची एक चकचकीत डिस्क होती. मालनबाईंनी एका हातात तिला धरलं, दुसऱ्या हातात मला.

"हीच घे. कशी भरीव हाय! जुनी लई हलकी."

मग कलिंगडासारखी ठोकूनही पाहिली. कानिफनाथने तिचा निळा दिवा पाहिला. झाली परीक्षा.

पुढच्याच आठवड्यात भीमाबाईंच्या धनश्रीचं लग्न होतं. मंगलाष्टकं मुलीच्या आईनं बघायची नसतात, म्हणून भीमाबाई मागे तुळशीला पाणी घालत बसल्या.

"कानिफ, मला फकस्त तुझ्या शूटिंगातच दिसंल, बाबा. नीट घे."

त्याने नीट घेतलं, नव्या पाहुणीत भरलं आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं. माझ्यातलं काही पुसून तिथे एक प्रत ठेवावी, हे त्याला सुचलं नाही. सुचायला डोकं लागतं.

एडिटिंगला बसला, तर फायलींची नावं सगळी हजर, उघडेना एकही. त्याने पाहुणीचं पोट फोडलं. आत नखाएवढं मेमरी कार्ड आणि वजनासाठी चिकटवलेले ट्रॅक्टरचे दोन नट.

"मंग? भरीव हुती का न्हाई?" मालनबाई म्हणाल्या.

कानिफनाथ मला बगलेत मारून भीमाबाईंकडे गेला आणि त्याने सगळं सांगितलं. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "जावयाला आन् भटजीला बोलीव."

"मावशी, दुसऱ्यांदा लगीन?"

"लगीन येकदाच झालं. ही शूटिंग हाय. शूटिंग आईनं बघितली तर चालती."

जागा करायला कानिफनाथने माझ्यातले तालुक्याचे पुढारी आबासाहेबांच्या वाढदिवसाचे ड्रोन शॉट पुसले. देशाचं काही नुकसान झालं नाही. अंतरपाट सरला, अक्षता पडल्या. भीमाबाई सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. डोळ्यांना धार लागली होती आणि तुळस त्या दिवशी कोरडीच राहिली.

तर मित्रांनो, डिस्क पावती देणाऱ्या दुकानातून घ्या. आधी तपासायला काठोकाठ भरा, सगळं पुन्हा उघडून बघा आणि एकच लग्न दोन डिस्कांत ठेवा. आमच्यावर कप ठेवू नका.

ते दोन नट भीमाबाईंच्या उसाच्या ट्रॉलीला घट्ट बसलेत. नट म्हणून पाहुणी फार विश्वासू निघाली. लग्नाची फिल्म मात्र माझ्यात तयार पडून आहे. भीमाबाई ती मागायला अजून आलेल्या नाहीत.