काहिलीत गेलेला माझा भाऊ

मित्रांनो, मी जावा बेटावरच्या पकालोंगान गावातला एक जुना रेशमी पडदा आहे. खिडकीच्या पलीकडच्या बाजूला लटकतोय तो माझा जुळा भाऊ. आम्ही एकाच ताग्यातून निघालो, एकाच दिवशी टांगले गेलो. तरी आज तो माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे. ते कसं झालं, ते ऐका.

आम्हांला सावदा आजींनी घडवलं. तांब्याच्या चोचीच्या लेखणीतून त्या कापडावर गरम मेण सोडत. मेणाखालची जागा रंगातून कोरी राही. असे पाच महिने त्या आमच्यावर बगळे काढत बसल्या. शेवटच्या बगळ्यानंतर त्यांच्या हाताला कंप सुटला, मग नजरही गेली. आमच्यानंतर त्यांनी काहीच रेखाटलं नाही.

आपल्या लाडक्या शिष्येला, वारसितीला, त्यांनी आम्हांला लग्नात दिलं. दर ईदेला आजी येत, आमच्याजवळ बसत आणि खालच्या काठापासून वितीनं मोजून एकेका बगळ्यावर बोट ठेवत. एकही चुकत नसे. पाहुणे तोंडात बोट घालत.

वारसितीचा नवरा कस्मुरी कापड रंगवण्याच्या कारखान्यात काहिलीवर होता. सुती कापड सोड्याच्या पाण्यात उकळून त्यावरचं मेण उतरवायचं, हे त्याचं रोजचं काम.

एका ईदेच्या आदल्या दिवशी वारसितीनं आम्हांला धुण्यासाठी उतरवलं. रिठे भिजत घातलेच होते. तेवढ्यात तिला बाजाराची आठवण झाली.

"मी येईपर्यंत पडद्यांना हात लावू नका हं!" ती म्हणाली.

"दोन पडदे धुवायचे, त्याचं केवढं नाटक!" कस्मुरी हसला. "अगं, जन्म गेला माझा कापड उकळण्यात."

"अहो, तुमचं ते सुती. हे रेशीम आहे."

"बरं बाई, जा. कोंबडी तरी नीट बघून आण. गेल्या वर्षीची माझ्यापेक्षा म्हातारी होती!"

ती गेली. बायको यायच्या आत काम उरकून तिला खूश करावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं अंगणातल्या चुलीवर काहील ठेवली, पाण्याला उकळी आणली, सवयीनं मूठभर सोडा टाकला आणि माझ्या भावाला उचलून आत सोडलं.

मी बादलीच्या काठावर होतो. मला ओरडता येत नव्हतं. पाणी आधी निळं झालं, मग तांबडं, मग गढूळ. बगळे पाण्यात उतरत होते आणि कस्मुरी लाकडी दांड्यानं ढवळत गाणं गुणगुणत होता. मग त्यानं माझ्याकडे हात केला. त्याच क्षणी वारसिती दारात उभी राहिली. तिच्या हातातली कोंबडी सुटून अंगणभर पळाली, पण कोणी तिच्यामागे धावलं नाही.

"अहो... हे काय केलंत?"

भाऊ बाहेर आला तेव्हा गोणपाटासारखा राठ आणि वीतभर आखूड झाला होता. कस्मुरी त्याच्याकडे पाहतच राहिला. "मी तर रोज असंच करतो," एवढंच तो पुटपुटला.

वारसितीनं डोळे पुसत मला रिठ्याच्या गार पाण्यात बुडवलं. घासलं नाही, पिळलं नाही. पंच्यात गुंडाळून पाणी टिपलं आणि सावलीत वाळवलं.

दुसऱ्या दिवशी आजी आल्या, तेव्हा आम्ही दोघं पुन्हा खिडकीला होतो. त्यांनी माझे बगळे मोजले, मग भावाकडे हात नेला. हात खाली खाली गेला आणि हवेतच थांबला.

"काठ कुठं गेला, वारसिती?"

ईदेला धाकट्यांनी वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची रीत आहे. कस्मुरीनं आजींच्या गुडघ्यावर डोकं टेकलं.

आजींनी भावाचं राठ कापड दोन बोटांत चोळून पाहिलं. मग त्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "उकळलास ना रे? ऊठ. माफ केलं. पण त्याला काढून टाकायचं नाही. आणि आता दरवर्षी हा धड राहिलेला पडदा तू धुवायचास, माझ्यासमोर!"

तेव्हापासून दरवर्षी आजी ओट्यावर बसतात आणि कस्मुरी मला धुतो. पाण्यात घालण्याआधी तो मला दोन बोटांत धरून क्षणभर थांबतो.

मित्रांनो, तुमचेही हात सवयीनं चालू लागले, की असेच क्षणभर थांबवा. हातातली वस्तू कशाची आहे, ते पाहा. आम्हांला ओरडता येत नाही.