माझा उठाव कुठवर पोचतो

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी शिक्का आहे. शाईचा नव्हे. माझा दांडा दाबला की कागदावर गोल उठाव उमटतो आणि निकालाची प्रत खरी ठरते. बेचाळीस वर्षं मी वॉशिंग्टन राज्यातल्या एका केंद्रीय न्यायालयाच्या खिडकीशी बसलो आहे. इथल्या कारकून व्हर्नाबाई मला दर सोमवारी शिवणयंत्राचं तेल पाजतात.

पूर्वी आमच्या न्यायाधीशांनी सरकारचा एखादा नियम अडवला, की तो देशभर अडायचा. पुष्कळांना ते खुपायचं. निवडून दिलेल्या सरकारला कुठल्याशा गावातल्या एका माणसानं का थांबवावं, असं एक म्हातारे वकील विचारायचे. त्यांचंही मला पटायचं. मग वरच्या न्यायालयानं हा अधिकार आखडला. आता आदेश दावा लावणाऱ्यांपुरता.

यंदा सरकारनं अपुऱ्या दिवसांच्या बाळांना घरी मिळणारा प्राणवायू बंद केला. कार्लीननं इथे दावा लावला. तिची धाकटी बहीण टेसा अर्ध्या तासावर, हद्दीपलीकडे शेजारच्या आयडाहो राज्यात राहते. दोघींची बाळं नळीवर. टेसानं दाव्यावर सही केली नाही. मागे एकदा कुणा परक्या बाईच्या दाव्यावर सगळ्या देशाचं भागलं होतं, म्हणून घरातलं एक नाव पुरे, असं तिला वाटलं.

गुरुवारी कार्लीन जिंकली. टेसा बाळाला छातीशी बांधून प्रत घ्यायला आली. तिच्या घरची प्राणवायूची टाकी शनिवारी उचलणार होते. व्हर्नाबाईंनी मला दाबलं, प्रत पुढे केली आणि हळूच सांगितलं, यात तुझं नाव नाही.

"ताईचं आहे ना?"

"ताईचं आहे."

टेसानं माझ्या उठावावरून अंगठा फिरवला. "म्हणजे तिच्या बाळानं श्वास घ्यायचा, आणि माझ्यानं दम धरायचा?"

मित्रांनो, बेचाळीस वर्षांत मला माझाच एवढा राग कधी आला नव्हता. मी त्याच जोरानं उमटलो होतो. त्याच न्यायाधीशांनी तोच नियम चुकीचा ठरवला होता. ताईच्या घरी चुकीचा, आणि अर्ध्या तासावर धाकटीच्या घरी बरोबर?

कारकुनांना सल्ला द्यायची मनाई आहे. व्हर्नाबाईंनी दाव्यात सामील होण्याचा कोरा अर्ज काढला, पेनाचं टोपण उघडलं आणि बाळाला आपल्याकडे घेतलं. टेसा उभ्यानंच लिहीत राहिली.

शुक्रवारी अर्ज न्यायाधीशांपुढे गेला. उत्तर आलं नाही. शनिवारी ही खिडकी बंद असते.

मला तेल पाजलं नाहीत तरी चालेल. पण माझा उठाव असलेला निकाल हाती आला, की त्यात कोणाकोणाची नावं नाहीत, तेही वाचत चला.