नागसेनचे तीनशे ग्रॅम

सुमेधाची छाती कोरडी राहिली तर मालनबाईला नातू मिळत होता. अख्खा, गोधडीसकट. सून डेंग्यूनं सतरा दिवस जालन्याच्या दवाखान्यात पडली, तेवढ्यात दोन महिन्यांचा नागसेन आजीच्या कुशीत झोपायला शिकला, आजीच्या हातची बाटली ओळखायला लागला, आणि तीर्थपुरीतल्या बाया "लेकरू सांभाळावं तर मालनबाईनं" असं म्हणायला लागल्या. एवढी कमाई फुकटात कोण सोडतं?

सुमेधा घरी आली ती काडी होऊन. दूध आटलेलं. आशा कार्यकर्ती उषाबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "आटलंय, मेलं न्हाई. भुकेलं लेकरू ओढायला लागलं की अंगाला बराबर आठवतं."

तिनं एक बारीक नळी आणली. एक टोक पावडरच्या दुधाच्या वाटीत, दुसरं चिकटपट्टीनं सुमेधाच्या छातीला. नागसेन छाती ओढणार, पोटात वाटीतलं जाणार, आणि ओढता ओढता आईचं सुटणार. दर दोन तासांनी. अट एकच, लेकरू छातीला येताना भुकेलं पाहिजे. त्याआधी बाटली नको, पाणी नको, मधाचं बोटसुद्धा नको.

"ऐकलं का, मालनबाई?"

"मी काय बहिरी हाय का?"

बारा दिवस सुमेधा भिंतीला पाठ लावून बसली. अळीव खाल्ले, मेथी गिळली, छाती चिरली तरी दात आवळून बसली. थेंब नाही. नागसेन दोनदा चोखायचा, तोंड फिरवायचा आणि झोपायचा. मग मालनबाई त्याला उचलायची. "गोड लागंना त्याला तुझं. कशाला हाल करती लेकराचे?" सुमेधाचा नवरा प्रितम मोबाईलमधून मान न काढता म्हणायचा, "जबरदस्ती नको करू." आईची बाजू घेण्यात त्याचाही नफा होता. दर दोन तासांनी वाटी-नळी उकळायचं काम त्याच्याकडे होतं.

बाराव्या दिवशी उषाबाईनं नागसेनला झोळीच्या काट्याला टांगलं. वजन तीनशे ग्रॅमनं उतरलं होतं. ती काट्याकडे बघतच राहिली. "पोटात काही न्हाई, मंग भूक का न्हाई?"

तो प्रश्न सुमेधाच्या डोक्यात घुसून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लेकरू सासूकडे सोडून न्हाणीत गेली आणि दोन तांबे अंगावर ओतून लगेच परत आली. मालनबाई पदर सावरत उठली. सुमेधानं लेकरू घेतलं, छातीला लावलं. नळी अजून कोरडी होती, सकाळपासून तिनं त्याला काही दिलं नव्हतं. नागसेननं तोंड फिरवलं, ढेकर दिला, आणि त्याच्या ओठांतून तिच्या मनगटावर निळसर पाणचट दूध ओघळलं.

"आत्याबाई, काय पाजलं?"

"कुठं काय."

सुमेधानं गोधडी ओढली. खालून बाटली घरंगळत आली.

"अगं, पानीच हाय. चमचाभर पावडर टाकली रंगापुरती. डबा लवकर सरला तर तूच कालवा केला असता."

"बारा दिवस?"

"लेकरू रडून राह्यलं अन् मी बघत बसू?"

"पाण्यानं पोट भरून त्याला माझ्याकडं पाठवत होता? तुम्ही जीव घेत होता त्याचा, आत्याबाई!" ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

प्रितमनं चार्जर शोधायला घेतला. उत्तर मिळालं.

मालनबाई उसळली. "माझंबी असंच आटलं! बाळंतपनाच्या दहाव्या दिवशी सासूनं मला कापूस येचायला धाडलं अन् ह्या प्रितमला शेळीचं दूध घालून सोताच्या कुशीत घेतलं. चार वर्सं हा तिलाच आई म्हनत होता. मी मेले का?"

"मंग तुमच्या सासूनं नेलं ते तिच्याकडून मागायचं होतं. माझ्या लेकराकडून वसूल करता?"

मालनबाई खजील झाली असं कुणी समजू नये. ती बाटली उचलून धुवायला निघाली. सुमेधानं ती हातातून हिसकली, दगडी पाट्यावर ठेवली आणि वरवंट्यानं हाणली. प्लॅस्टिकची बाटली, फुटेना. तिनं पुन्हा पुन्हा हाणली, चेंदामेंदा होईपर्यंत. मग लेकरू, डबा, वाटी आणि नळी घेऊन खोलीत गेली आणि आतून कडी घातली. उकळलेली वाटी प्रितमनं खिडकीतून द्यायची, भाकरीही खिडकीतूनच.

त्या दिवशी नागसेन पहिल्यांदा भुकेनं पेटून ओढायला लागला. नवव्या दिवशी तो एका बाजूला ओढत असताना दुसऱ्या बाजूचा पदर दुधानं ओला झाला. सुमेधा रडली नाही. तिनं खिडकी उघडून तो ओला पदर सासूला दाखवला आणि खिडकी लावून घेतली.

दूध आलं ते अर्धंच. बाकीचं पावडरवर. "ते बारा दिवस वाया गेले नसते तर..." उषाबाईनं वाक्य पुरं केलं नाही. मालनबाईची कूस रिकामी झाली, पण ती उसनीच होती. प्रितमची झोप गेली, तेवढं देणं त्याच्यावर निघतच होतं. एका सासूनं घेतलं, दुसरीनं वसूल केलं, नवऱ्यानं तोंड मिटून साक्ष दिली. आणि भरलं कुणी? ज्याचं त्यात ना घेणं होतं ना देणं, त्यानं. तीनशे ग्रॅम, रोख, अंगावरून उतरवून.