हत्ती निघाला शिफ्टला

कुसुमताईंचा एक नेम होता. मूल ज्याच्या हाती द्यायचं, त्याचं तोंड बघूनच द्यायचं. थेरगावात गणपतीच्या देवळामागे एक खोली होती, तिथे त्या रोज सकाळी गल्लीतली लहान मुलं जमवायच्या. अंगणवाडीतून निवृत्त झाल्या, पण मुलांशिवाय करमेना. मग ही खोली, काही चटया, आणि खोक्यांच्या पुठ्ठ्यावर स्वतः रंगवलेली चित्रांची पुस्तकं. गाणी, गमती आणि खिदळणं, एवढाच तिथला अभ्यास. बाराच्या सुमाराला आया यायच्या आणि आपापलं पोर घेऊन जायच्या.

त्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी लाइट जातेच, पण त्या दिवशी जरा लवकर गेली. पंखा थांबला, मुलं उकाड्यानं किरकिर करायला लागली आणि आया एकदमच दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणाची पाण्याची बाटली सापडेना, कुणाच्या चपला दुसऱ्याच्याच पायात. ती झुंबड ओसरली तेव्हा खोलीत एकटा धम्मरत्न उरला होता. त्याची आजी नेहमीच सगळ्यात शेवटी यायची.

तेवढ्यात पूनम धापा टाकत आली. लातूरकडची पोर. पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत स्वयंपाकाची कामं करायची. नवरा ज्योतीराम चाकणच्या कंपनीत.

"उशीर झाला बघा ताई, म्याडम सोडीनातच. सायली कुटाय?"

"आहे ना, ही काय..." म्हणत कुसुमताई वळल्या. खिडकीखाली चटई होती. चटईवर सायली नव्हती. त्यांनी दाराबाहेर पाहिलं. तिच्या गुलाबी चपलाही नव्हत्या.

"कोणी नेली?" पूनमचा आवाज बदलला. "ह्यांची तर फर्स्ट शिफ्ट हाय. कोन नेईल?"

कोणीच नेली नव्हती. त्या कुणाची तरी चप्पल शोधत खाली वाकल्या होत्या, तेवढ्यात साडेचार वर्षांची ती पोर त्यांच्या पाठीमागून निघून गेली होती.

"चौकात!" त्या एकदम म्हणाल्या. "डांगे चौकात गेली असेल, कंपनीच्या बसपाशी. पूनम, चल!"

हे त्यांना सुचलं ते त्या गाण्यामुळे. या मुलांचे बाप कधी पहाटे जायचे, कधी रात्री. मुलं सारखी विचारायची, बाबा कुठे गेले? म्हणून कुसुमताईंनी महिन्यापूर्वी एक गाणं रचलं होतं आणि त्याचं चित्रांचं पुस्तकही रंगवलं होतं. मुलांना ते इतकं आवडलं की दिवसातून दहादा म्हणायला लावायची:

हत्ती निघाला शिफ्टला,
डबा सोंडेला लटकला,
दारामध्ये शिरता शिरता
पोटापाशी अडकला!

'अडकला' म्हणताना सगळ्यांनी पोट फुगवून एकमेकांवर आपटायचं. सायली सर्वांत जोरात आपटायची. काल तिनं विचारलंही होतं, "टीचर, मग त्याला बाहेर कोन काढतं?" आणि कुसुमताई हसून म्हणाल्या होत्या, "तूच काढ की!"

काय हे बोलून बसलो आपण!

धम्मरत्नाला कडेवर घेऊन कुसुमताई, पुढे पदर खोचून पूनम, अशा त्या चौकाकडे धावल्या. चौकात नेहमीचंच: रिक्षा आडव्या, टेम्पो उभे, बसचा हॉर्न बंद होईना. पूनम गाड्यांच्या मधूनच "सायलेऽऽ, सायले गंऽऽ" करत सुटली. एका दुचाकीवाल्यानं करकचून ब्रेक मारला. "ओ ताई, मरायचंय का?" फळवाल्यानं पाहिलं नव्हतं. बसची वाट बघणाऱ्या कामगारांनी पाहिलं नव्हतं. "एवढी लहान पोर एकटी? नाय बा, दिसली असती."

कुसुमताई फुटपाथवर टेकल्या. डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं. मांडीवरचा धम्मरत्न शांतपणे म्हणाला, "टीचर, ती इथं कशाला येईल? इथं कुठं लिफ्टंय?"

"लिफ्ट कुठली रे? शिफ्ट. हत्ती निघाला शिफ्टला."

"लिफ्टला!" तो म्हणाला. "सायली लिफ्टलाच म्हणते. आम्ही सगळेच म्हणतो. पुस्तकात पन लिफ्टच आहे."

पुस्तकात कंपनीचं गेट होतं. कुसुमताईंनीच काढलेलं. पण आता त्यांनी ते पान मनात उघडलं आणि मुलाच्या डोळ्यांनी पाहिलं. सरकणाऱ्या दोन करड्या फळ्या. बाजूला हजेरीचं मशीन, त्यावर बटणं. फळ्यांच्या मध्ये अडकलेला हत्ती. ती लिफ्टच होती. महिनाभर वीस पोरं त्यांच्या तोंडासमोर 'लिफ्टला' म्हणून ओरडत होती आणि त्यांच्या कानांना ऐकू येत होतं ते स्वतःचंच गाणं.

आणि गल्लीत लिफ्ट एकच होती. मारुतरावांच्या नव्या बिल्डिंगची. मागच्या आठवड्यात तिचं सामान ट्रकमधून उतरलं, तेव्हा सगळी मुलं बघायला पळाली होती.

"पूनम, मागे फीर! मारुतरावांकडे!"

मारुतराव गावातले जुने. वांग्याचं शेत होतं तिथे आता त्यांची सात मजली इमारत उभी राहत होती. ते दाराशी खुर्ची टाकून पेपरानं वारा घेत बसले होते.

"सायली? आमी न्हाई बघितली, बाई. मी आत्ताच जेवून आलोय. गडी बी जेवाय गेल्यात. लाइट न्हाई, काम बंद हाय."

"लिफ्टमध्ये अडकली असेल तर?"

"ल्हिफ बसलीच न्हाई अजून! नुसता खड्डा हाय." एवढं बोलून ते स्वतःच उठून उभे राहिले. पेपर हातातून गळाला. "वरच्या मजल्यांवं दारं न्हाईत. फळ्या ठोकल्यात नुसत्या."

खालचा खड्डा आधी मारुतरावांनी बॅटरीचा उजेड पाडून पाहिला. पूनमनं पाहिला नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. "न्हाई, कोन न्हाई," ते म्हणाले, तेव्हा कुठे ती वळली. धम्मरत्नाला त्यांच्या खुर्चीवर बसवून तिघं जिना चढू लागली. जिन्याला कठडा नव्हता. कुसुमताईंचे गुडघे कधीच संपावर गेले होते, पण त्या दिवशी ते आपल्याला आहेत हेच त्यांना आठवलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर गुलाबी चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या.

आणि पलीकडे सायली. लिफ्टच्या चौकोनी भोकाला दोन फळ्या आडव्या मारल्या होत्या. मधल्या फटीतून पोर सहज गेली असती. ती पालथी पडून, डोकं फटीतून पुढे काढून खाली बघत होती.

पूनमच्या घशातून हाक निघणार, तोच कुसुमताईंनी तिच्या तोंडावर हात दाबला. उभ्या आयुष्यात त्यांना एवढं कळलं होतं की दचकलेलं मूल आधी पुढे सरकतं, मग मागे बघतं. त्या तिथेच पायरीवर बसल्या. त्यांनी रोजच्यासारखं विचारलं, "काय गं, कुठवर आला हत्ती?"

सायलीनं वळून पाहिलं नाही. "खाली अडकलाय. लाइट गेली ना."

"अगं बाई! मग येईलच आता. पण तू तर दारातच झोपलीस. तो बाहेर कसा येणार?"

पोर विचारात पडली. तिचा एक हात फळीवर होता. फळी करकरली.

"जागा दे की त्याला. डोकं आत घे आधी, सोंड लागेल."

डोकं आत आलं. पूनमची नखं कुसुमताईंच्या दंडात रुतली.

"एवढ्यानं काय होतंय? पोट केवढं त्याचं! सरक मागे."

सायली कोपरांवर मागे सरकली.

"अजून. डबा राहिलाय त्याचा. अजून गं. शेपूट चेंगरेल ना बिचाऱ्याची!"

ती हसली, आणि हसत हसतच रांगत, मागे मागे, शेपटीपुरती जागा सोडत आली. हाताच्या अंतरावर आली तशी पूनमनं झडप घातली. आधी पाठीत एक धपाटा, मग असं कवटाळलं की पोर गुदमरून ओरडली. मारुतराव भिंतीला धरून खाली बसले. "आजच्या आज पत्रं ठोकतो," ते पुटपुटत होते. "आजच्या आज."

कुसुमताईंना पायरीवरून उठता येईना.

"ताई," पूनम म्हणाली. रडणं थांबलं होतं, आवाज कोरडा होता. "लेकरू तुमच्या भरवशावर टाकून जाते मी."

कुसुमताईंनी मान खाली घातली.

सायलीनं आईच्या खांद्यावरून त्या भोकाकडे पाहिलं. "टीचर, पन त्यो आलाच न्हाई."

आज गुरुवार, हत्तीला सुट्टी, असं गमतीचं उत्तर त्यांच्या अगदी ओठांवर आलं. मग उद्या शुक्रवार आहे, हे आठवलं. त्यांनी ते उत्तर गिळलं.

"सायली, इकडे बघ. तो तिथे नाहीये. तो कुठेच जात-येत नाही. हत्ती पुस्तकातला आहे. मी काढलाय तो, माझ्या हातानं."

पोरीनं डोळे मोठे केले. महिनाभर ज्याची काळजी केली, त्याच्या अडकण्याचा सगळा दोष कोणाचा हे तिला आत्ता कळलं होतं.

"तुम्ही काढलाय?"

"हो गं. मीच काढलाय."

"मग नीट बाहेर काढा की!" ती रागानं म्हणाली. "अर्धाच काढलाय!"

पूनमच्या तोंडातून हुंदका आला की हसू, ते तिलाही कळलं नसावं. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं, चपला उचलल्या, आणि थांबून मोकळा हात कुसुमताईंपुढे धरला.

"उठा ताई. भिंतीकडून चला, कठडा न्हाई."